ज्याचा नियम, त्याचं अक्षर

शशी, तुझ्या तेराव्याला मी आलो होतो. जेवलोही. तुझ्या फोटोला हार घालताना बारकाईनं बघितलं, तर ओठांच्या डाव्या कोपऱ्यात तू हसतोयस. ते हसू फोटो काढणाऱ्यासाठी होतं की माझ्यासाठी, हा प्रश्न हात जोडलेले असतानाच मनात आला. काय करू, माझं पोटच संशयावर आहे. वराळ्याच्या बाजूच्या कारखान्यात पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासतोय. समोरचा म्हणतो, बरोबर आहे. मी म्हणतो, बघू.

आपली ओळखसुद्धा तपासणीतूनच झाली. आईची खालची कवळी बोलताना उचलायची. डॉक्टर म्हणाले, कवळ्या आम्ही नाही बनवत, कामशेतला शशिकांत बनवतो, त्यालाच दाखवा. मी बेगडेवाडीहून गाडीनं आलो, तांदळाच्या दुकानावरची तुझी माडी शोधली, आणि नमस्कार-चमत्कार न करता खिशातून व्हर्नियर काढून तुझ्यासमोर कवळीची जाडी दोन्हीकडून मोजली. दुसरा कुणी असता तर त्यानं जिन्यावरून खाली सोडलं असतं. तू टेबलावर कोपरं टेकवलीस आणि विचारलंस, "किती निघाली?" डावी बाजू केसभर जाड होती. तू ती घासून दिलीस आणि म्हणालास, "रविवारी सकाळी ये. तुझ्यासारखा एक शंकेखोर मला हवाच होता." मला वाटलं, हा आता काहीतरी गळ्यात मारणार.

रविवारी आलो तर माडीच्या मागच्या खोलीत प्लायवूडची भलीमोठी फळी मांडलेली. तिच्यावर पोळ्यातल्यासारखी सहा कोनांची घरं आखलेली, आणि त्या घरांवर आख्खा मावळ. लोहगड, विसापूर, पवनेचं पाणी, दुधिवऱ्याची खिंड, ओढे, भातखाचरं. डोंगर दातांच्या साच्याच्या प्लास्टरचे. आणि त्या मावळात बोटाएवढी यंत्रं उभी. खरी म्हणजे ती पाच मजली उंच लढाऊ यंत्रं आहेत, प्रत्येकाच्या डोक्यात एक चालक बसलेला आहे, असं धरायचं. तू ती कवळीच्या उरलेल्या ॲक्रिलिकमधून ओतली होतीस, त्यामुळे सगळ्यांची अंगं हिरडीसारखी गुलाबी. पन्नाशीकडे झुकलेला माणूस गुलाबी बाहुल्या मांडून बसलाय हे बघून मी दाराशीच थांबलो. ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं.

तू मला खेळ शिकवलास, आणि शिकवलास छान, हे कबूल करतो. यंत्र किती घरं चालवायचं ते आधी ठरवायचं. मग कुणावर तोफ डागायची ते. मग दोन फासे. नेम लागला तर समोरच्याच्या कागदावरचे चौकोन खोडायचे, पायाचे चौकोन संपले की यंत्र आडवं. जितका मारा जास्त तितकं यंत्र तापतं, आणि फार तापलं की जागच्या जागी बंद पडतं. नियमांचं जाड इंग्रजी पुस्तक तू पुण्यातल्या फुटपाथवरून आणलं होतंस. ते आम्हाला कुणाला झेपणार नाही म्हणून शंभर पानी वहीत मराठीत उतरवून काढलंस. आमच्यापैकी प्रत्येक जण त्या वहीवरच शिकला. पुस्तक तू कपाटात ठेवायचास, कुलपात. का ठेवायचास, हे मी तुला दहा वेळा विचारलं असेल. "दमट हवा असते," म्हणायचास. वही मात्र तशीच उघड्यावर.

त्या वहीतच मोरीचं प्रकरण झालं. तुझ्या वहीप्रमाणे प्रत्येक यंत्राला दहा मोऱ्या होत्या. मोठ्या यंत्राला पंधरा. मारा केला की उष्णता चढायची आणि मोऱ्यांमधून उतरायची. "माझ्या तीन मोऱ्या फुटल्या," असं आपण वर्षभर गंभीरपणे बोलत होतो. मग एकदा कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनकडून मला कळलं की पुस्तकातलं हीट सिंक म्हणजे उष्णता खेचून घेणारा धातूचा पंखेदार तुकडा, त्याचा मोरीशी काही संबंध नाही. तू शब्दकोश उघडलास, सिंक म्हणजे मोरी बघितलंस आणि ठोकून दिलंस. मी धावत येऊन तुझी चूक तुला दाखवली. तू अजिबात ओशाळला नाहीस. "पाणी वाहून जातं ती मोरी. मग उष्णता वाहून जाते ती कोण? चूक कुठाय?" तो वाद आपण पाच वर्षं घातला. वहीत शेवटपर्यंत मोरीच राहिली, आणि आता कामशेतात कुणालाही विचार, यंत्राला मोऱ्याच असतात.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी तुझे फासे चोरले होते. तू सलग चार रविवार जिंकलास तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. जाताना दोन फासे डब्यात टाकले. कारखान्यात मायक्रोमीटरनं त्यांच्या सगळ्या बाजू मोजल्या, आणि कँटीनमध्ये ग्लासभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवून त्यात तरंगवून बघितले. जड बाजू असली तर फासा दर वेळी तीच खाली घेतो. नव्हती. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पुढच्या रविवारी मी ते गुपचूप परत ठेवले. तू पहिला डाव टाकलास, मग बोट जिभेला लावलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "आज हवा खारट आहे." कामशेतपासून समुद्र किती लांब आहे हे तुला चांगलं माहीत होतं.

मग आबा आले. दत्तूआबा खालच्या दुकानात भात घालायला यायचे, वरून आपले आवाज ऐकून एकदा जिना चढले. "काय चाललंय रं पोरांनू हितं?" सत्तरीच्या माणसाला तू यंत्र दिलंस, त्यांनी त्याचं नाव ठेवलं ढवळ्या. पहिल्याच दिवशी तू म्हणालास, आबा, हिकडून या, खाचरातून सरळ वाट आहे. आबा हलेनात.

"उभ्या पिकातनं मी न्हाई घालायचो."

"आबा, ते प्लास्टर आहे."

"असंल. पर हिरवा रंग तूच दिलायस न्हवं?"

तू दोन क्षण विचार केलास आणि वही त्यांच्यापुढं सरकवलीस. "मग लिहा. ज्याचा नियम, त्याचं अक्षर." हा तुझा दंडक होता. नवा नियम सगळ्यांना पटला की सुचवणाऱ्यानं तो स्वतःच्या हातानं लिहायचा आणि खाली नाव घालायचं. आबांनी जीभ दातात धरून लिहिलं, 'उभ्या पीकातून जानार त्याची येक पाळी बाद. दत्तू.' सगळे हसले. मी नाही हसलो. कारण तुझं यंत्र, ते जाडजूड, चार पायांचं 'दाढ', नेमकं खाचरांच्या मागं उभं असायचं. नियम आबांचा आणि फायदा तुझा. मी तुला तसं बोललोही. तू म्हणालास, "अरे, माझ्यावर एक माणूस तरी नजर ठेवून पाहिजे. नाहीतर खेळ नासतो." मी त्याला कौतुक समजलो नाही. चोराच्या मनात चांदणं, असं समजलो.

आता तो रविवार. कविता नवीन होती तेव्हा, लोणावळ्याच्या हॉटेलातली ड्युटी सांभाळून यायची, प्रत्येक नियम दोनदा विचारायची. आपली मोठी मोहीम चालू होती, आठ-नऊ रविवार चाललेली. पवनेचं धरण तुझ्याकडे, मी ते घ्यायचं. इतक्या वर्षांत मी तुझ्याविरुद्ध एकही मोहीम जिंकलो नव्हतो, हे तुला ठाऊक होतं, मला तर फारच ठाऊक होतं. आणि त्या सकाळी तुझ्या दाढेचा तिसरा पाय गेला. ती खिंडीखालच्या ओढ्यात आडवी झाली. माझं यंत्र 'गेज' तीन घरांवर, थंडगार, सगळ्या तोफा भरलेल्या. एक डाव आणि मोहीम माझी. मी फासे उचलले.

तू दाढेवर तळवा धरलास. "थांब. चालक आत आहे. बाहेर पडायला त्याला एक पाळी द्यायची."

"हे कुठून काढलंस?"

"वहीत आहे. पान बघ."

"तुझ्या वहीत काय वाट्टेल ते असतं. पुस्तक दाखव."

"पुस्तकात नाही," तू म्हणालास. इतक्या शांतपणे म्हणालास की मला तो कबुलीजबाबच वाटला. तू वही माझ्याकडे सरकवलीस. मी ती परत ढकलली. तू पुन्हा म्हणालास, "मिल्या, पान बघ." माझ्या सगळ्या मोऱ्या तुंबल्या होत्या, शशी. मी उभा राहिलो आणि आबांसमोर, कवितासमोर बोललो, "आयुष्यभर लोकांना खोटे दात बसवलेस, खेळही खोटाच बसवलास." तू खाली बघून फाशांवरची धूळ पुसायला लागलास, आणि त्यांच्यावर धूळ नव्हती. मी गेज खिशात घातलं आणि जिना उतरलो.

त्यानंतर मी आलो नाही. महिन्याभरानं आबांचा फोन आला. "शशी आजारी हाय. येऊन जा." मला वाटलं, टेबल ओस पडलंय, मला परत ओढायचा डाव आहे. पुन्हा महिन्यानं फोन आला. "लय वाळलाय रं. अन्न जात न्हाई त्याला." मी माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. "आबा, तुम्हाला फोन करायला त्यानं सांगितलं का?" आबांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "व्हय, त्यानंच सांगितलं." झालं. मी मनाशी म्हटलं, बघ, डावच आहे. फोन ठेवला आणि चहा पीत बसलो. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तू गेलास.

मरणारा माणूस बोलावणं पाठवतो आणि आपण त्यात डाव शोधतो. ह्याबद्दल मला क्षमा मागायची आहे, पण तू काय उत्तर देशील ते मला ठाऊक आहे, म्हणून मागत नाही. तू म्हणशील, "बरोबरच केलंस, होताच डाव." आणि मग मला पुन्हा कळणार नाही की तू खरं बोलतोयस का.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. "भाऊजी, ह्यांनी हे तुमच्यासाठी काढून ठेवलं होतं. तुमच्याच हातात द्यायचं म्हणाले." बुटांचा खोका, त्याला सुतळी, आणि वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: 'मिलिंद. तपासणीसाठी.' वहिनींना मी विचारलं, कधी बांधला हा खोका? त्या म्हणाल्या, हात चालत होते तोवर बांधला. घरी आणून उघडला. इंग्रजी पुस्तक, वही, फासे. वाचून तुला हसू येईल, मी आधी फासे तळहातावर जोखले.

मग पुस्तकाला बसलो. कारखान्यातून आलो की संध्याकाळी चहा, शब्दकोश आणि पुस्तक. आठवडाभर लागला. एकेक पान, एकेक तक्ता. चालकाला एक पाळी द्यायचा नियम कुठंही नाही. पडलेल्या यंत्रावर खुशाल मारा करावा, उलट नेम सोपा होतो, असं स्वच्छ छापलंय. शशी, सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. आपला माणूस गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या शेजारीच हा आनंद येऊन बसला की मी बरोबर होतो.

वही मी उघडली ती फक्त शाई बघायला. माझा अंदाज होता की तो नियम तू अलीकडे घुसडला असणार, शेवटच्या पानांत, ताज्या शाईत. शेवटून सुरुवात केली. नव्हता. मागं मागं येत गेलो. आबांचं उभं पीक लागलं, त्याच्याही मागं गेलो. सातव्या पानावर सापडला. निळी शाई विटून जांभळी झालेली.

'सूचना. आत माणूस आहे. तो बाहेर येईपर्यंत यंत्राला हात लावू नये. मि.'

आणि त्या 'मि.'भोवती गोल. तपासलेल्या मालाच्या कार्डावर मी जसा काढतो तसाच, वरच्या बाजूला न जुळणारा. पंचवीस वर्षं तो मी रोज शेकडो वेळा काढतोय. खाली कवळीच्या गुलाबी मेणानं नखाएवढी लाल चिठ्ठी चिकटवलेली, तिला दोरा.

मग आठवलं. आबा यायच्या आधीची गोष्ट, मी खेळायला लागून महिनाही झाला नव्हता, आपण दोघंच असायचो. माझं पहिलं यंत्र पडलं आणि तू नेम धरलास. आमच्याकडे फिटर मशीनच्या आत दुरुस्तीला शिरला की बटणावर लाल चिठ्ठी लावतात. मी गंमत म्हणून काडेपेटीचा लाल तुकडा फाडला, दोरा ओवला आणि माझ्या यंत्राच्या गळ्यात अडकवला. तू हसला नाहीस. फासे खाली ठेवलेस आणि विचारलंस, "असं खरंच लावतात?"

"लावतात. मग मालक आला तरी बटण दाबायचं नाही. आणि ती चिठ्ठी दुसऱ्या कुणी काढायची नाही. आतला माणूस बाहेर येतो, तोच काढतो."

"मग इथंही लागू. लिही." आणि मी लिहिलं. त्या दिवशी माझा चालक वाचला. फायदा पदरात पडला की माणूस कारण विसरतो, तसा मी विसरलो. पुन्हा कधी तो नियम लागला नाही, बहुतेक यंत्रं उभ्या उभ्या तापूनच जायची.

आता मला तुझ्याशी भांडायचंय. 'गाढवा, हे तुझंच अक्षर आहे,' एवढं म्हणायला काय झालं होतं तुला? पाच शब्द. आबा आणि कवितासमोर माझी फजिती होऊ नये म्हणून गप्प राहिलास? की मी तपासनीस आहे, तर मलाच सापडू दे, म्हणून बघत बसलास? की खरंच मजा वाटत होती? तिन्ही गोष्टी तुला शोभतात, म्हणून ठरवता येत नाही. 'पान बघ' असं तू दोनदा म्हणालास. मी ढीगभर माल रोज उलटापालटा करून बघतो, आणि तुझं एक पान बघितलं नाही.

परवाच्या रविवारी वहिनींनी माडी उघडून दिली. मी, आबा आणि कविता. फळी तशीच होती. तुझ्यानंतर कुणी हात लावला नव्हता, आणि तूही लावला नव्हतास, हे धुळीवरून कळत होतं. दाढ ओढ्यात आडवी. आबांनी खांद्यावरच्या उपरण्यानं लोहगड पुसला. मी खिशातून गेज काढलं आणि तीन घरांवर, होतं तिथं, ठेवलं. खेळ आता मीच चालवायचा, असं त्या दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

कविता म्हणाली, "सर, पाळी तुमचीच होती ना? तो नियम तर खोटा होता, तुम्हीच म्हणाला होतात."

म्हणजे तुझं नाव त्या खोलीत अजून तसंच पडून होतं, मी टाकलं तिथं. मी वही उघडून सातवं पान त्यांच्यापुढं ठेवलं. कवितानं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. आबांनी चष्मा लावला, पान खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे तुजं अक्षर हाय."

"हो आबा."

"मंग त्याला खोटा का म्हनलास?"

"बघितलं नव्हतं."

आबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "तपासनीस ना रं तू?" रागानं नाही बोलले, खरंच विचारत होते. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, अगदी तू सरकवायचास तशी. "मंग त्ये बी लिव हितंच. ज्याचा नियम त्याचं अक्षर, तर ज्याची चूक त्याचं न्हाई व्हय?"

मी लिहिलं. 'शशीचं बरोबर होतं. माझं चुकलं. तपासलं.' खाली 'मि.' आणि गोल. गोल नेहमीपेक्षा वाकडा आला. आबा आणि कवितानं खाली सह्या केल्या.

मग मी मेणातून ती लाल चिठ्ठी अलगद सोडवली आणि दाढेच्या गळ्यात अडकवली. एक पाळी थांबलो. आबांनी ढवळ्या बांधावरून वळवून नेला, पिकात पाय न घालता. कवितानं तिचं यंत्र दोन घरं पुढं घेतलं. पाळी फिरून माझ्याकडे आली.

"सर," कविता म्हणाली, "झाली एक पाळी. आता टाका फासे."

मी म्हटलं, नको, थांबू. ती चिठ्ठी आतल्या माणसानं काढायची असते.